मोर खाली बसला!

वर्कशॉपच्या मागच्या अंगाला भंगार साचतं ना, तसेच किस्से साचतात. भंगार काही कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. आज एक तुटका पाना पडतो, उद्या जीपचा दरवाजा, आणि एक दिवस बघावं तर मागच्या दारातून बाहेर पडायला वाटच नसते! आमच्या लातूरच्या सरकारी वर्कशॉपचं असंच झालं. रिटायर होऊन मला कैक वर्षं झाली, पण जुने लोक भेटले आणि चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "सोनकांबळे साहेब, तेवढा मोराचा किस्सा होऊन जाऊ द्या!" आता मोराचा किस्सा एकटा कधी निघत नाही. एकाला धरून ओढलं की मागून चार-पाच येतात.

तर ऐका. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब आणि साहेबांना बसायला नव्या खुर्च्या. साहेब आले, मागून खुर्च्याही आल्या. पाऊस तेवढा आला नाही. असा दुष्काळ पडला की आमच्या वर्कशॉपात रोड रोलर कमी आणि बिघडलेले हापसेच जास्त. मी तिथं ज्युनिअर इंजिनिअर, मूळचा नांदेडचा. माझ्या हाताखाली फोरमन करीमभाई. हाताखाली हे कागदावर, प्रत्यक्षात ते माझ्या डोक्यावर होते.

आणि त्या दुष्काळात आमच्याकडं काय आलं म्हणाल? गवत कापायचं मशीन!

* * *

नांदेडकडच्या एका धरणाच्या वसाहतीत परदेशी तज्ज्ञ राहायला होते. त्यांनी आपल्या बंगल्यापुढच्या गवतासाठी विलायतेहून एक मशीन आणलेलं. लहान ट्रॅक्टरच म्हणा ना! वर बसायला सीट, हातात स्टिअरिंग आणि पोटाखाली पालथ्या परातीसारखा पत्र्याचा डेक. त्या परातीच्या आत पातं गरगर फिरायचं. तज्ज्ञ आपल्या देशी गेले, मशीन राहिलं. नवा जिल्हा झाला तेव्हा वरच्या कुणीतरी ते लातूरच्या गेस्ट हाऊससाठी पाठवून दिलं, आणि ते चालवणारा गंगाधरही सोबत पाठवला.

गंगाधर किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा. हाडकुळा, उंच, आणि बोलायला एकदम सरळ. ट्रकमध्ये मशीन चढवलं, तर मशीन हलू नये म्हणून हा पठ्ठ्या नांदेडपासून त्याच्या सीटवरच बसून आला!

अहमदपूरला ट्रक चहासाठी थांबला. बघ्यांची ही गर्दी! एका म्हाताऱ्यानं बिडी विझवली आणि ट्रकच्या फाळक्याला धरून वर बघितलं.

"काय रे, ट्रॅक्टरचं पिल्लू हाय का हे?"

"हाव," गंगाधर म्हणाला.

"अन् माय कुठं हाय त्याची?"

"नांदेडलाच राहिली."

"काय पितंय?"

"पेट्रोल."

म्हाताऱ्यानं मशीनकडं बघून मान हलवली. "ह्या दुष्काळात पेट्रोल पिणारं पिल्लू! न्हाई जगायचं बाबा हे!"

* * *

आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, पुण्याहून बदलून आलेले. माणूस कडक पण सरळ. फक्त उच्चार चुकलेला त्यांना खपायचा नाही. मशीन उतरवलं तेव्हा साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हे लॉन मोअर."

करीमभाई म्हणाले, "मोर?"

"मोर नव्हे, करीमभाई. मो-अर!"

"वईच तो साब. मोर."

साहेबांनी हार मानली नाही. त्यांनी आमचे हेडक्लार्क बिराजदार यांना पुढं बोलावलं. बिराजदार निलंग्याकडचे, अंगानं बारीक, कानात अत्तराचा फाया. साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. म्हणा बघू. मो... अर."

बिराजदारांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, मोरपर्यंत येतंय. पण पुढचं 'अर' तुमच्या तोंडावर कसं म्हणू? अरेतुरे केल्यासारखं वाटतंय!"

त्या दिवसापासून सगळ्या वर्कशॉपात, गेस्ट हाऊसात, औसा रोडच्या चहाच्या टपरीवरसुद्धा मशीनचं नाव मोर पडलं ते पडलंच. एकटे साहेब मो-अर म्हणत राहिले.

गंगाधरनं बायकोला आणि शोभाला, म्हणजे त्याच्या पोरीला, इस्लापूरहून आणलं. पत्र्याची एक खोली घेतली आणि पोरीला शाळेत घातलं. बाईंनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?" शोभा म्हणाली, "मोर चालवतात." बाईंनी खोटं बोलते म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी गंगाधर शाळेत गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, पोरगी खरं बोलली. पण मोर चालत न्हाई, पळतोय!"

* * *

मोराच्या सीटच्या उजव्या हाताला एक लोखंडी दांडा होता. दांड्याच्या बाजूला पट्टी, पट्टीला खाचा. दांडा वरच्या खाचेत अडकवला की पोटाखालचा डेक वर उचलला जायचा आणि गवत उंच राहायचं. खालच्या खाचेत आणला की डेक खाली आणि गवत बारीक. दुष्काळात गवत उंचच ठेवायला पाहिजे, नाहीतर ऊन थेट मुळाला लागतं. हे गंगाधरला पक्कं ठाऊक होतं. पण खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि डेक उचलणाऱ्या सळ्या ट्रकच्या हिसक्यांनी वाकलेल्या. गेस्ट हाऊसच्या लॉनवर पहिल्याच दिवशी एका दगडावरून चाक गेलं, दांडा खाचेतून निसटला आणि डेक धप्पकन खाली बसला. गंगाधरला कळेपर्यंत निम्मं लॉन साफ!

साहेब धावत आले. "अरे, मी हेअरकट सांगितला होता, तू मुंडण केलंस!"

"म्या दांडा वर ओढून राहिलो साहेब, पन ते खाली बसून राहिलं!"

कुंपणापलीकडं टँकरच्या रांगेत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एका मावशीनं हा सगळा प्रकार बघितला, उरलेल्या लॉनवर पाणी सोडणारा पाइप बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, "अवो साहेब, गवताला पानी पाजून राहिलात, तर आमाला बी गवतच समजा की!"

रांग हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन पाइप बंद केला. दुसऱ्या दिवसापासून लॉनला फक्त गेस्ट हाऊसच्या न्हाणीघराचं पाणी, आणि कापलेलं गवत मावशीच्या शेळीला! म्हणून म्हणतो, माणूस सरळ होता.

पण नियम म्हणजे नियम. साहेबांनी गंगाधरला बोलावून सांगितलं, "तुझी नेमणूक ह्या मशीनवर आहे. मशीन चालतंय तोपर्यंत तू. मशीन निकामी ठरलं तर पोस्टही गेली. माझ्या हातात काही नाही."

गंगाधर बाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला. "साहेब, इस्लापूरला आता मजुरी बी न्हाई. पोरगी शाळेत रमली. मोर गेला तर म्या कुठं जावं?"

मी म्हणालो, "मोर उठवू आपण." म्हणालो खरं, पण विलायती मशीनचा पार्ट लातुरात कुठून आणायचा?

* * *

करीमभाईंना पार्टबिर्ट मान्यच नव्हते. त्यांनी दांडा हलवून बघितला आणि निकाल दिला, "साब, इसकू एकच इलाज. वेल्डिंग!"

माझ्या तोंडून 'थांबा' निघेपर्यंत ठिणग्या उडाल्या. दांडा मधल्या खाचेला कायमचा चिकटला. डेक बरोबर मध्यावर उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगाधरनं मोर सुरू केला, शेडच्या दारापर्यंत नेला आणि तिथंच खाडकन थांबला.

दाराला उंबरा होता! चांगला सिमेंटचा, उंच. एरवी गंगाधर डेक सगळ्यात वर घ्यायचा, उंबरा ओलांडायचा आणि मग खाली करायचा. आता डेक वरही जाईना, खालीही जाईना.

साहेब म्हणाले, "करीमभाई, आता हे बाहेर कसं काढायचं?"

करीमभाईंनी चष्मा खिशात ठेवला. "हमारा काम हो गया साब. अब दरवाजे का काम सिव्हिलवालों का!"

सिव्हिलवाले कसले येतात! मग रोज सकाळी आम्ही चौघं मोर उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायचो आणि संध्याकाळी उचलून आत. बिराजदार बाजूला उभे राहून म्हणायचे, "सकाळी पाठवणी, संध्याकाळी गृहप्रवेश!" चौथ्या माणसाची कंबर धरली तेव्हा करीमभाईंनी मुकाट्यानं वेल्डिंग तोडलं. दांडा सुटला आणि डेक पुन्हा धप्पकन खाली.

* * *

शेवटी नांदेडच्या स्टोअरमध्ये काही जुने सुटे भाग पडलेत का ते विचारायचं ठरलं. तेव्हा फोन म्हणजे ट्रंककॉल. एक्स्चेंजच्या बाई जोडून द्यायच्या, आणि आवाज पोचावा म्हणून आपण असं ओरडायचं की फोन नसता तरी नांदेडला ऐकू गेलं असतं! फोनवर बिराजदार होते.

"हॅलो नांदेड! लातूरवरून बोलून राहिलो! अहो, मोर खाली बसलाय! हाव, मोर! उचलला की परत बसतोय! डाव्या बाजूनं लंगडून राहिलाय! डेकची स्प्रिंग पाठवा!"

मध्येच एक बाईमाणसाचा आवाज आला. "अहो, उन्हाचं झालं असेल. पाणी पाजलं का त्याला?"

एक्स्चेंजच्या बाई! जोडून देऊन लाइनीवरच राहिल्या होत्या.

बिराजदार म्हणाले, "पाणी न्हाई हो बाई, तो पेट्रोल पितोय!"

लाइन कट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ हातात चामड्याची बॅग घेऊन घामाघूम होऊन वर्कशॉपात शिरले. एक्स्चेंजच्या बाईंचे यजमान. जनावरांचे डॉक्टर!

"पेट्रोल पाजलेला मोर कुठं आहे?"

आम्ही त्यांना शेडमध्ये नेलं. डॉक्टरांनी मशीन बघितलं, आमच्याकडं बघितलं, पुन्हा मशीन बघितलं. मग असे हसले की बॅग हातातून पडली. पण आलेच आहेत तर पेशंट बघायचाच म्हणून खाली वाकले. करीमभाईंनी वाकलेल्या सळ्या दाखवल्या.

डॉक्टर म्हणाले, "अहो, दुष्काळात माझ्याकडं रोज हीच केस. उपाशी जनावर एकदा खाली बसलं की आपल्या पायावर उठत नाही. आम्ही पायांच्या मागं लागत नाही. पोटाखालून पट्टा घालतो आणि वर टांगतो. पाय काय, मग सावकाश बरे होतात."

करीमभाईंनी सळ्यांकडं बघितलं, मग मागच्या भंगाराकडं. तिथं कोरड्या पडलेल्या बोअरचे हापसे रचून ठेवले होते, आणि प्रत्येक हापशाच्या दांड्याला आत एक मजबूत साखळी असते.

"टांगेंगे साब!" ते म्हणाले.

डॉक्टरांनी फी घेतली नाही. जाताना म्हणाले, "घरी काय सांगू? ती कालपासून रडतेय."

* * *

नांदेडची स्प्रिंगही आली, बरं का! एसटीच्या कंडक्टरबरोबर पुडकं पाठवलेलं. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. बिराजदारांनी कागद सोडला, आतून दुसरा कागद निघाला, त्याच्या आत कापूस, आणि कापसात करंगळीच्या नखाएवढी एक स्प्रिंग.

"यप्पो!" बिराजदार म्हणाले. "एवढ्याशानं एवढं धूड उठेल?"

मी हातात घेऊन बघितली. स्टोअरवाल्यांनी 'डेक' एवढंच धरलं होतं. टेपरेकॉर्डरच्या डेकची स्प्रिंग होती ती!

करीमभाईंनी ती उन्हात धरली. "इससे मोर गाएगा साब. उठेगा नै!"

* * *

मग करीमभाईंनी खरंच मोर टांगला. वाकलेल्या सळ्या काढून टाकल्या आणि डाव्या-उजव्या बाजूला हापशाची साखळी लावली. गुळगुळीत खाचांची पट्टी काढून तिथं भंगारातल्या जीपच्या हँडब्रेकची दातेरी पट्टी बसवली. दांडा ओढला की कर्रर्र आवाज करत डेक वर, आणि दात्यात असा अडके की दगड आला तरी निसटायचा नाही. गंगाधर दांडा नुसता वरखाली करत बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

साहेबांनी वाकून बघितलं. "करीमभाई, हे पार्ट ओरिजिनल आहेत का?"

"एकदम ओरिजिनल साब. हापशाचे ओरिजिनल!"

साहेबांना पहिल्यांदा हसू आलं. म्हणाले, "झेंडावंदनाला पाहुणे येणार आहेत. गवत जमिनीपासून दोन इंचांवर कापा. दोन्ही बाजू सारख्या असू द्या."

आता दोन इंच मोजायचे म्हणजे टेप पाहिजे, आणि टेप नेमका साइटवर गेलेला. करीमभाई म्हणाले, "टेप कायकू? दो इंच म्हणजे तीन उंगली!" हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. डाव्या बाजूला करीमभाई बसले, उजव्या बाजूला बिराजदार. दोघांनी डेकखाली तीन-तीन बोटं घातली, आपापली साखळी आवळली आणि एकदमच म्हणाले, "बराबर!"

आता करीमभाईंची बोटं म्हणजे केळी, आणि बिराजदारांची पेन्सिली!

डेक तिरका लागला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गंगाधर लॉनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई, तर एका कडेचं गवत उंच आणि दुसऱ्या कडेचं बुटकं. परत फिरला की पुन्हा तेच. सगळं लॉन पट्ट्यापट्ट्यांचं झालं. साहेब सकाळी आले आणि जागेवरच थिजले. "अरे, हे लॉन आहे की सतरंजी?"

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे उतरले, लॉनकडं बघत उभे राहिले आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! दुष्काळातसुद्धा डिझाइन काढलंत! हे पुण्याचं डोकं दिसतंय!"

साहेबांनी "थँक यू सर" म्हटलं. करणार काय!

पण पुढच्या आठवड्यात बुटक्या पट्ट्या उन्हानं पिवळ्या पडून जळाल्या. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत घातल्यागत लॉन दिसायला लागलं. आणि साहेबांचा संयम संपला.

* * *

इथं आमच्या टाइपरायटरबद्दल सांगितलं पाहिजे. मराठीतून कारभार करा असा हुकूम होता, म्हणून नव्या जिल्ह्याला एक जुना मराठी टाइपरायटर मिळालेला. त्याची 'अ'ची कांडी तुटलेली होती. बिराजदार ती कळ सोडूनच टाइप करायचे आणि नंतर पेनानं 'अ' भरायचे. भरायचे म्हणजे आठवलं तर!

एकदा 'अत्यंत अडचण' अशी तक्रार वर पाठवायची होती. ती 'त्यंत डचण' म्हणून गेली आणि वरून विचारणा आली, ही डचण कुठल्या गाडीत असते? दुसऱ्या एका पत्राखाली साहेबांचा हुद्दा आला, 'कार्यकारी भियंता'. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"बिराजदार, मी कुणाला भितो?"

बिराजदार म्हणाले, "साहेब, खाली सही तुमची हाय. म्या कसं सांगू?"

करीमभाईंना कांडी जोडायला सांगितली, तर ते म्हणाले, "साब, रोलर लाओ, अभी करता. ये तो घड़ी का काम है." कांडी काही जोडली गेली नाही.

* * *

हां, तर साहेबांचा संयम संपला. वरून आधीच विचारणा आली होती, निकामी यंत्रं असतील तर कळवा. साहेबांनी बिराजदारांना समोर बसवून मजकूर सांगितला. लॉन मोअर, एक नग, सारखा खाली बसतो, दुरुस्ती अशक्य, सबब निर्लेखित करण्यास आणि देखभालीचा माणूस कमी करण्यास परवानगी मिळावी. निर्लेखित म्हणजे आपल्या भाषेत कंडम. बिराजदारांनी टाइप केलं. तेवढ्यात टँकरच्या मीटिंगचं बोलावणं आलं. साहेबांनी दारातच उभ्या उभ्या सही केली आणि गेले. कागद त्याच टपालानं रवाना झाला.

आम्ही मात्र हात टेकले नव्हते. मी एक लाकडी ठोकळा कापून घेतला, बरोबर दोन इंचांचा. तोच ठोकळा आधी डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. करीमभाईंनी दोन्ही साखळ्या स्वतः आवळल्या आणि बिराजदारांना जवळसुद्धा येऊ दिलं नाही. न्हाणीघराच्या पाण्याजवळ एक तुकडा हिरवा राहिला होता, गंगाधरनं त्याच्यावरून मोर फिरवला. गवत असं सारखं कापलं गेलं की वर ताट ठेवून जेवावं! साहेबांना हात धरून आणून दाखवलं. त्यांनी वाकून गवतावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "सोनकांबळे, फार छान झालंय. पण कागद गेला. आता आपलाच कागद खोटा कसा म्हणायचा?"

त्यानंतर गंगाधर रोज सकाळी मोर पुसायचा. कापायला गवत नव्हतंच. पुसून झालं की सीटवर बसायचा, दांडा एकदा वर, एकदा खाली करून बघायचा आणि उतरायचा. पोरीला शाळेतून काढायचं का, हे त्यानं मला दोनदा विचारलं.

आणि एक दिवस हेड ऑफिसचा ट्रंककॉल आला. साहेबांनी आम्हाला सगळ्यांनाच केबिनमध्ये बोलावलं. गंगाधर मोराची किल्ली मुठीत धरून दाराशी उभा. किल्ली जमा करायची म्हणूनच आला होता तो. साहेबांनी फोन कानाला लावला आणि लगेच दूर धरला. पलीकडचे वरिष्ठ इतके ओरडत होते की शब्दन् शब्द आम्हाला ऐकू येत होता.

"मोर कंडम करायला निघालात? डोकं ठिकाणावर आहे का? राष्ट्रीय पक्षी आहे तो!"

साहेबांचं तोंड उघडलं. "सर, तो मोर नव्हे. तो मो..."

आणि तिथंच थांबले. समोर गंगाधर उभा होता, मूठ आवळून.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग बिराजदारांकडं बघितलं. बिराजदार छताकडं बघत होते.

"होय सर," साहेब म्हणाले. "मोर."

"हा लॉन मोर कुठल्या जातीचा?"

"परदेशी आहे, सर."

"आणि दुरुस्ती शक्य, असं तुम्हीच लिहिता, आणि वर कंडम करा म्हणता?"

"शक्य होती, सर. झाली. आता बरा आहे."

"खाली बसत होता म्हणे?"

"बसत होता. आता उठतो. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, सर."

"मग! आणि त्याचा माणूस कमी करताय? दुष्काळात त्याच्याकडं बघणार कोण, तुम्ही? तो माणूस तिथंच राहील! कळलं?"

"कळलं, सर. तिथंच राहील."

"नाचतो का?"

साहेबांनी डोळे मिटले. "पाऊस पडला की दिसेलच, सर."

फोन खाली ठेवला. करीमभाईंनी तोंडात रुमाल कोंबला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दाराकडं बघितलं.

"गंगाधर, असा उभा काय राहिलास? ती किल्ली खिशात ठेव. आणि जा, मोराला पाणी पाज!"